गोलकीपर वाचतो, स्टॉपर नाही

फुटबॉलमधल्या डोक्याच्या दुखापतीचा विषय निघाला की ग्रुपवर धडाधड क्लिपा पडायला लागतात. पीटर चेकची २००६ मधली, रेडिंगच्या स्टीफन हंटचा गुडघा लागून कवटीला फ्रॅक्चर झालं ती, त्यानंतर तो आयुष्यभर ती काळी टोपी घालून खेळला. मग २०२० ला आर्सेनलच्या ग्राउंडवर राऊल हिमेनेझ आणि डेव्हिड लुईझ यांची डोकी एकमेकांवर आपटली ती, हिमेनेझची कवटी फुटली आणि लुईझ मात्र डोक्याला पट्टी गुंडाळून हाफटाइमपर्यंत खेळत राहिला, पट्टीतून रक्त येतंय तरी. हल सिटीच्या रायन मेसनला तर अशाच टकरीनंतर २६ व्या वर्षी रिटायर व्हावं लागलं.

आणि सगळ्यात गाजलेली क्लिप २०१४ वर्ल्डकप फायनलची, जी आपण सगळ्यांनी रात्री जागून बघितलीय. जर्मनीचा क्रिस्टोफ क्रेमर खरंतर स्टार्टिंगला नव्हताच, खेदिरा वॉर्मअपला दुखावला म्हणून आयत्या वेळी आत आला, आणि सतराव्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या गराईचा खांदा त्याच्या तोंडावर-डोक्यात बसला. पडला, उठला, परत खेळायला लागला. थोड्या वेळानं रेफ्री रिझोलीकडं गेला आणि विचारतोय काय, तर ही फायनल आहे का? रेफ्रीला वाटलं चेष्टा करतोय. त्यानं पुन्हा तेच विचारलं तेव्हा रिझोलीनं जर्मनीच्याच श्वाइनस्टायगरला सांगितलं आणि एकतिसाव्या मिनिटाला त्याला बाहेर काढलं. म्हणजे चौदा मिनिटं एक माणूस वर्ल्डकपची फायनल खेळत होता आणि आपण कुठं आहोत हे त्याला धड कळत नव्हतं. हा किस्सा लोक अजून हसत हसत सांगतात.

असो. हे सगळं वाईटच आहे, पण निदान दिसतं तरी. माणूस खाली पडतो, स्टेडियम गप्प होतं, डॉक्टर पळत येतो, दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. मला आज बोलायचंय ते साध्या हेडरबद्दल. गोलकीपरनं लांब किक मारली, स्टॉपरनं, म्हणजे मधल्या डिफेंडरनं, उडी मारून डोक्यानं परत पाठवली, खेळ चालू. कोणी पडलं नाही, शिट्टी नाही, कोणाच्या लक्षातही राहत नाही. प्रॅक्टिसला हेच वीस वेळा, तीस वेळा. मी स्वतः कोल्हापुरात शाळेत आणि नंतर पेठेच्या टीममध्ये स्टॉपरच खेळलो, आमच्याकडं स्टॉपरला दोनच कामं, समोरच्या फॉरवर्डला त्रास द्यायचा आणि वरून येणारा प्रत्येक बॉल डोक्यानं काढायचा, आणि ज्याचं हेडिंग दणदणीत त्याला शाहू स्टेडियमवर शिट्ट्या मिळायच्या. तर त्या हेडरचा हिशोब इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये कसा लागला आणि लागायला किती वर्षं लागली, ती गोष्ट मला लई अस्वस्थ करते म्हणून हे लिहितोय.

जेफ अ‍ॅसल. आपल्याकडं हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा सेंटर फॉरवर्ड, नॉटिंगहॅमशायरमधल्या ईस्टवुडचा, म्हणजे कोळशाच्या खाणींचा मुलूख. १९६४ ला वेस्ट ब्रॉमला आला आणि दहा वर्षांत ३६१ मॅचमध्ये १७४ गोल. १९६८ चा एफए कप त्यानंच जिंकून दिला, त्या वर्षी स्पर्धेच्या प्रत्येक राउंडमध्ये त्याचा गोल होता आणि फायनलला एव्हर्टनविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये विनिंग गोलपण त्याचाच, गंमत म्हणजे तो गोल डाव्या पायाचा. पण माणूस ओळखला जायचा हेडिंगसाठी. वेस्ट ब्रॉमची पब्लिक त्याला राजा म्हणायची, अगदी शब्दशः द किंग. १९७० च्या वर्ल्डकपला इंग्लंडकडून गेला, ब्राझीलविरुद्ध सबस्टिट्यूट म्हणून आला आणि समोर मोकळा चान्स होता तो बाहेर मारला, आणि इंग्लंडमधल्या बाकी लोकांना तो बहुतेक तेवढ्यासाठीच आठवतो, असं असतंय नशीब.

तेव्हा फुटबॉलमध्ये आताएवढा पैसा नव्हता, त्यामुळं रिटायर झाल्यावर अ‍ॅसलनं खिडक्या साफ करायचा धंदा काढला. त्याची जाहिरात होती की जेफ अ‍ॅसल कधी कॉर्नर चुकवत नाही. मला ही ओळ फार आवडते, माणसाचा स्वभाव कळतो. नव्वदच्या दशकात टीव्हीवर एका फुटबॉलच्या कॉमेडी शोमध्ये शेवटी येऊन बेसूर गाणी म्हणायचा, पब्लिक खूश.

आणि मग पन्नाशीतच विसरायला लागला. साधं वय झालं म्हणून विसरणं नाही, पार आत काहीतरी निखळल्यासारखं. शेवटी शेवटी आपण कधी फुटबॉल खेळलो होतो हेही त्याला माहीत नव्हतं, असं त्याची मुलगी डॉन अ‍ॅसल सांगते. जानेवारी २००२ मध्ये गेला, वय ५९.

आता इथून पुढचं नीट बघा. इंग्लंडमध्ये असा मृत्यू झाला की कॉरोनरपुढं, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या अधिकाऱ्यापुढं, चौकशी होते. नोव्हेंबर २००२ मध्ये चौकशी झाली, मेंदू तपासणाऱ्या डॉक्टरनं साक्ष दिली की याच्या मेंदूची अवस्था बॉक्सरच्या मेंदूसारखी आहे आणि वारंवार बॉल हेड केल्यानं हे झालेलं दिसतंय. कॉरोनरनं निकाल दिला, मृत्यूचं कारण इंडस्ट्रियल डिसीज. म्हणजे खाणीत काम करणाऱ्याच्या फुप्फुसात कोळशाची धूळ बसून तो मरतो त्याच रकान्यात. कामानं मारलं, असं सरकारी कागदावर लिहून झालं. २००२ मध्ये. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं यानंतर इंग्लंडमध्ये हलकल्लोळ झाला असेल, सगळ्या जुन्या प्लेअरची तपासणी, नियम बदल, भरपाई.

काहीही झालं नाही. संशोधन करू, बघू, अभ्यास चालू आहे, जुने चामड्याचे बॉल जड होते हो, आताचे हलके आहेत, असं करत करत बारा वर्षं गेली. २०१४ ला ग्लासगोचे न्यूरोपॅथॉलॉजिस्ट डॉक्टर विली स्टुअर्ट यांनी अ‍ॅसलचा जपून ठेवलेला मेंदू पुन्हा तपासला आणि सांगितलं की हा अल्झायमर नव्हताच, ही सीटीई आहे, क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार. वेस्ट ब्रॉमच्या ग्राउंडवर लोक दर मॅचला नवव्या मिनिटाला, कारण त्याचा शर्ट नंबर नऊ, टाळ्या वाजवायला लागले, बॅनर लागले, तेव्हा कुठं एफएचा, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचा, चेअरमन ग्रेग डाइक यानं घरच्यांची माफी मागितली. डॉन अ‍ॅसलनं ते प्रकरण सोडलं नाही म्हणून हे झालं, नायतर फाईल कपाटातच होती.

आता दुसरी बाजू. त्याच वर्षी, २००२ च्या सप्टेंबरमध्ये, अमेरिकेत माइक वेबस्टर वारला. तिकडचं फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून अंगावर जाणारं, आपल्याला ते कळत नाही पण माणूस मोठा होता, पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर, चार सुपर बोल जिंकलेला, हॉल ऑफ फेमवाला. मेला तेव्हा वय ५०. शेवटची वर्षं काही काळ गाडीत झोपायचा, झोप यावी म्हणून स्वतःला इलेक्ट्रिक शॉक देणारी गन लावून घ्यायचा. त्याचं पोस्टमार्टम केलं नायजेरियाहून आलेल्या एका तरुण डॉक्टरनं, बेनेट ओमालू, ज्याला अमेरिकन फुटबॉलमधलं काही कळतही नव्हतं आणि वेबस्टर कोण हेही माहीत नव्हतं. वरून मेंदू चांगला दिसत होता तरी त्यानं तो ठेवून घेतला आणि स्वतःच्या खिशातून पैसे घालून टेस्ट केल्या. २००५ ला पेपर छापून आला तर एनएफएलच्या, म्हणजे तिकडच्या फुटबॉल लीगच्या, कमिटीतल्या डॉक्टरांनी तो मागं घ्या म्हणून पत्र लिहिलं. ती मेंदूच्या दुखापतीची कमिटी जेव्हा १९९४ ला बसवली तेव्हा तिचा प्रमुख कोण, तर संधिवाताचा डॉक्टर. गुडघेदुखीला बरा माणूस, मेंदूला कशाला.

पण अमेरिकेत एक गोष्ट झाली जी इंग्लंडमध्ये झाली नाही, वकील आले. साडेचार हजारांच्या वर माजी प्लेअरनी लीगवर केस केली, २०१३ ला ७६५ मिलियन डॉलरवर तडजोड ठरली, जज अनिता ब्रॉडी म्हणाल्या एवढे पुरणार नाहीत, मग मर्यादा काढली, आणि वाटलेली रक्कम पुढे एक बिलियनच्या वर गेली. त्यातही घाण होतीच, काळ्या प्लेअरची बुद्धी मुळातच कमी धरायची म्हणजे त्यांचं नुकसान कमी दिसतं आणि पैसे कमी द्यावे लागतात, असला हिशोब २०२१ पर्यंत चालू होता. एनएफएलचेच माजी प्लेअर डेव्ह ड्युअरसननं २०११ ला आणि ज्युनियर साऊनं २०१२ ला स्वतःला गोळी घातली ती छातीत. ड्युअरसननं तर घरच्यांना मेसेज करून ठेवला होता की माझा मेंदू तपासायला द्या. हे वाचून मला त्या दिवशी पुढं काही वाचवलं नाही.

बोस्टनच्या अ‍ॅन मॅकी यांच्या टीमचा तो फेमस आकडा २०१७ चा, एनएफएल खेळलेल्या १११ मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई. हा आकडा लोक कुठंही फेकतात पण तो जपून वापरायला पाहिजे, कारण ज्यांच्या घरात त्रास होता त्यांनीच मेंदू दान केले, त्यामुळं शंभरातले नव्व्याण्णव प्लेअर आजारी असा त्याचा अर्थ होत नाही. आणि सीटीई जिवंतपणी खात्रीनं सांगता येत नाही, मेल्यावर मेंदू कापूनच कळतं, हा सगळ्यात मोठा घोळ आहे.

म्हणूनच मला ग्लासगोवाल्यांचा अभ्यास जास्त पटतो. विली स्टुअर्ट यांनी काय केलं, मेंदू दानाची वाट बघत बसले नाहीत, स्कॉटलंडमधल्या ७,६७६ जुन्या प्रोफेशनल प्लेअरची नावं काढली, त्यांच्याच वयाची, तशाच वस्तीतली २३,०२८ साधी माणसं घेतली आणि दोन्हीकडची मृत्यूची कागदपत्रं जुळवली. २०१९ ला निकाल आला. प्लेअर हृदयविकारानं कमी मेले, फुप्फुसाच्या कॅन्सरनं कमी मेले, सरासरी तीन वर्षं जास्तच जगले, म्हणजे खेळाचा फायदा झालाच. पण मेंदू झिजणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण साडेतीन पट. अल्झायमरमध्ये पाच पट. घाबरवायला म्हणून नाही सांगत, एकूण आकडा लहानच आहे, मृत्यूचं मुख्य कारण म्हणून प्लेअरमध्ये १.७ टक्के आणि बाकीच्यांत ०.५ टक्के. पण पट बघा.

आणि २०२१ ला त्याच टीमनं पोझिशनप्रमाणे हिशोब काढला, आणि या पोस्टचं टायटल तिथून आलंय. गोलकीपरला धोका सामान्य माणसाएवढाच. बाकीच्यांना साधारण चौपट. डिफेंडरला पाच पट. पंधरा वर्षांपेक्षा जास्त करिअर असेल तर तिथंही पाच पटीच्या आसपास.

आता जरा विचार करा. मैदानावर डोकं आपटून घ्यायचा धोका कोण पत्करतं? चेकच आठवा. फॉरवर्डच्या पायात झेप घेणार कोण, पोस्टवर आपटणार कोण, कॉर्नरला सहा जणांच्या गर्दीत हात वर करून उघडा पडणार कोण? गोलकीपर. तेच कपडे, तीच प्रॅक्टिस, तोच प्रवास, तीच दारू, तीच पेनकिलर. फक्त तो बॉल डोक्यानं मारत नाही कारण त्याला हात वापरायची परवानगी आहे. आणि त्याचं डोकं शाबूत. माझ्या दृष्टीनं वाद इथंच संपतो. शास्त्रज्ञ असं म्हणणार नाहीत, ते म्हणतील की कोणी किती हेडर मारले ते कुठं मोजलं होतं, आणि ते बरोबरच आहे. पण स्वीडनमध्ये २०२३ ला सहा हजार टॉपच्या प्लेअरचा असाच अभ्यास झाला, तिथं धोका कमी निघाला, दीड पट, पण गोलकीपरला तिथंही जास्त धोका नाही. दोन वेगळे देश, दोन वेगळ्या टीम, आणि गोलकीपर दोन्हीकडं सुटलाय.

चामड्याच्या बॉलचं राहिलं. हे आमच्याकडचे जुने लोकपण सांगतात की आमच्या वेळी बॉल पावसात भिजून दगड व्हायचा, आताचा प्लास्टिकचा काय लागतोय. भिजल्यावर जड व्हायचा हे खरं आहे. पण कोरड्या बॉलचं वजन नियमात १९३७ पासून तेच, ४१० ते ४५० ग्रॅम, आजच्या बॉलचंही तेच. आताचा बॉल पाणी पीत नाही पण येतो जास्त जोरात. आणि ग्लासगोच्या आकड्यांत १९१० च्या दशकात जन्मलेला असो की १९६० च्या, धोका तसाच राहिलेला दिसतो. १९६९ ला जन्मलेला माणूस नव्वदच्या दशकात खेळला, तोपर्यंत चामडं गेलेलं होतं.

आत नेमकं काय होतं तेही थोडक्यात. मेंदू कवटीला चिकटलेला नसतो, मडक्यातल्या दह्यासारखा आत हलतो. बॉल कपाळावर बसला की कवटी थांबते आणि मेंदू थोडा पुढं सरकतो, वळतो, आतले बारीक तंतू ताणले जातात. एका हेडरनं काही होत नाही, चक्कर नाही, उलटी नाही, म्हणजे कन्कशनची, मेंदूला धक्का बसल्याची, कुठलीच लक्षणं नाहीत. पण वर्षानुवर्षं झालं की मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारक्या रक्तवाहिन्यांभोवती टाऊ नावाचं प्रोटीन साचायला लागतं आणि खेळ थांबला तरी ते पसरत राहतं. म्हणून टोपीनं, हेल्मेटनं हे थांबत नाही. टोपी कवटी वाचवते, मेंदू आतच हलतोय त्याला टोपी काय करणार.

स्टर्लिंग युनिव्हर्सिटीनं २०१६ ला १९ प्लेअरना कॉर्नरच्या वेगानं येणारे वीस बॉल हेड करायला लावले आणि लगेच मेमरीची टेस्ट घेतली. स्कोअर ४१ ते ६७ टक्क्यांनी घसरला, चोवीस तासांत परत जागेवर आला. छोटा प्रयोग आहे, १९ जणांवर जग बदलत नाही. पण वीस हेडर म्हणजे आमच्या एका संध्याकाळची वॉर्मअप. समजा एखादा प्रोफेशनल स्टॉपर दिवसाला वीस मारतो, आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे चाळीस आठवडे, पंधरा वर्षं. साठ हजार होतात. मी मुद्दाम कमी धरलंय.

१९६६ ची इंग्लंडची वर्ल्डकप जिंकलेली टीम घ्या, त्यांच्या देशातली सगळ्यात लाडकी अकरा माणसं. रे विल्सन, मार्टिन पीटर्स, जॅक चार्लटन, नॉबी स्टाइल्स, बॉबी चार्लटन. पाच जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. बॉबी मूर ५१ व्या वर्षी कॅन्सरनं गेला, अ‍ॅलन बॉल ६१ व्या वर्षी गेला, म्हणजे हे दोघं त्या वयापर्यंत पोचलेच नाहीत. गोलकीपर गॉर्डन बँक्स ८१ वर्षं जगला, गेला तो किडनीच्या कॅन्सरनं. अकरा माणसांवरून शास्त्र होत नाही हे मान्य, पण ३० ऑक्टोबर २०२० ला स्टाइल्स गेला आणि दोनच दिवसांनी बॉबी चार्लटनलाही डिमेन्शिया असल्याची बातमी आली तेव्हा इंग्लंडमध्ये पहिल्यांदा खऱ्या अर्थानं लोक हादरले. अ‍ॅसलला अठरा वर्षं होऊन गेली होती. स्टाइल्सनं २०१० मध्येच आपली मेडलं लिलावात विकली होती. त्याच्या मेंदूतही नंतर सीटीईच निघाली.

आणि पैशाचं बघा. कॉरोनरनं २००२ ला इंडस्ट्रियल डिसीज म्हटलं, पण ब्रिटिश सरकारची जी यादी असते, ज्यात नाव असलेला आजार झाला तर कामगाराला भत्ता मिळतो, त्यात फुटबॉलपटूचा डिमेन्शिया वीस वर्षं उलटून गेली तरी आलेला नव्हता. प्रीमियर लीग आणि प्लेअर युनियननं मिळून २०२३ ला मदतीचा फंड काढला, सुरुवात दहा लाख पौंडांनी. दहा लाख पौंड. आज प्रीमियर लीगमधला मोठा स्टार हे एका महिन्यात कमावतो. आता तिकडं माजी प्लेअर आणि त्यांच्या घरच्यांनी एफएवर केस टाकलीय, स्टाइल्सचं घरही त्यात आहे. अमेरिकेतला रस्ता दहा-एक वर्षं उशिरा धरला म्हणायचं.

नियम बदललेत, नाही असं नाही. २०२१ पासून इंग्लंडमध्ये प्रोफेशनल प्लेअरला प्रॅक्टिसमध्ये आठवड्याला दहाच जोराचे हेडर मारायची शिफारस आहे, जोराचे म्हणजे पस्तीस मीटरच्या वरून आलेला पास, क्रॉस, कॉर्नर, फ्री किक. चांगलं आहे, पण मोजतंय कोण? शनिवारी मॅच आहे, मॅनेजरची नोकरी टांगणीला आहे, गेल्या आठवड्यात दोन गोल कॉर्नरवरून खाल्लेत, आणि असिस्टंट वही घेऊन मोजणार की सेंटरबॅकचे आठ झाले, आता दोनच बाकी? मला तरी शंका आहे. स्कॉटलंडनं २०२२ ला केलं ते बरं वाटतं, मॅचच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी हेडिंग बंद, आणि हेडिंगची प्रॅक्टिस आठवड्यात एकदाच. हे पाळणं सोपं आहे, मोजावं लागत नाही.

टकरीच्या बाबतीत मात्र फुटबॉल अजून आडमुठेपणा करतंय. रग्बीत डोक्याला लागलं की प्लेअर बाहेर जातो, त्याच्या जागी तात्पुरता दुसरा येतो, डॉक्टर आत नेऊन शांतपणे तपासतो, ठीक असेल तर परत. फुटबॉलमध्ये डॉक्टरला तीन मिनिटं, गुडघ्यावर बसून, चाळीस हजार लोकांच्या आरडाओरड्यात, आणि प्लेअर म्हणतोय मी ठीक आहे. कुठला प्लेअर म्हणणार मी ठीक नाही? २०२१ पासून कन्कशन सबस्टिट्यूट आले पण ते कायमचे, एकदा बाहेर म्हणजे बाहेर. त्यामुळं शंका असली तरी डॉक्टरचा हात कचरतो. तात्पुरत्या सबस्टिट्यूटची ट्रायल घेऊ द्या म्हणून प्रीमियर लीग, अमेरिकेची आणि फ्रान्सची लीग अशा तिघांनी मागितलं, नियम बनवणाऱ्या इफाबनं २०२३ ला नाही म्हणून सांगितलं. व्हीएआरसाठी, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय द्यायला, पाच पाच मिनिटं खेळ थांबवून रेषा आखत बसतात, खांदा ऑफसाइड का बोट ऑफसाइड, आणि मेंदूसाठी दहा मिनिटं नाहीत.

पोरांच्या बाबतीत सगळ्यात आधी अमेरिका हलली, पालकांनी केस केल्यावर २०१५ ला दहा वर्षांपर्यंतच्या पोरांना हेडिंग बंद. इंग्लंड, स्कॉटलंड, नॉर्दर्न आयर्लंडनं फेब्रुवारी २०२० ला प्राथमिक शाळेच्या वयात प्रॅक्टिसला हेडिंग बंद केलं, आणि इंग्लंडनं पुढं जाऊन अकरा वर्षांपर्यंतच्या मॅचमध्येही मुद्दाम हेडर मारला तर फ्री किक द्यायची असं टप्प्याटप्प्यानं आणलं.

आता कोल्हापूरचं. आम्ही चार-पाच जण रविवारी सकाळी बारा वर्षांखालच्या पोरांना शिकवतो, फुकट, आवड म्हणून. पेठेतलं फुटबॉल ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे की इथं पोराची परीक्षा कशात होते, वरून आलेल्या बॉलखाली डोकं घालतो का नाही. नाही घातलं की घाबरट. बापच बाहेरून ओरडतो, डोकं लाव की रं. मी पोरांचं हेडिंग बंद केलं तेव्हा पहिल्यांदा चिडले ते पालकच, पोरांना काही फरक पडला नाही. एक जण म्हणाला आम्ही आयुष्यभर हेड मारले, आम्हाला काय झालं? त्याला काय सांगणार, अ‍ॅसललाही पन्नाशीपर्यंत काही झालं नव्हतं. दुसरा आमच्यातलाच, चांगला जाणता माणूस, त्याचा मुद्दा जास्त बरोबर होता. तो म्हणाला, सोळाव्या वर्षी हीच पोरं सीनियरमध्ये जाणार, तिथं उडी कधी मारायची, मान कशी ताठ ठेवायची, कपाळाचा कुठला भाग लावायचा हे माहीत नसेल तर डोक्याची बाजू लागेल नायतर समोरच्याच्या डोक्यात डोकं जाईल, मग जास्त नुकसान. हे मला खोडता आलं नाही. म्हणून आता फुग्यावर आणि हलक्या स्पंजच्या बॉलवर उडीचं टायमिंग शिकवतो, पोरं खिदळतात पण शिकतात. मानेचे व्यायाम थोडे. खरा बॉल डोक्याला नाही, आणि टकरीनंतर पोरगं गरगरतंय म्हणालं की त्या दिवशी खेळ संपला, रडलं तरी, बाप ओरडला तरी.

यामुळं खेळ बिघडतो का? थोडा बदलतो. गोलकीपर लांब किक मारायचं सोडून जवळ पास देतो, पोरं बॉल छातीवर घ्यायला आणि खाली आणायला शिकतात, आमच्या पिढीपेक्षा पायात बॉल जास्त राहतो. कॉर्नरला मात्र आम्ही कच्चे आहोत. आंतरशालेय स्पर्धेत समोरच्या टीमा डोक्यानंच खेळणार, तिथले नियम काही आमच्यासाठी बदलणार नाहीत, आणि आमची पोरं खाली उभी राहून बॉल पडायची वाट बघणार. कॉर्नरवरून दोन-तीन गोल नक्की खातील. खाऊ देत, बारा वर्षांखालच्या मॅचचा स्कोअर पुढच्या वर्षी कुणाला आठवतोय.